जिथे भिंत फुटली: ईस्ट एल.ए.मध्ये विली हेरॉनच्या मागावर

गुरुवार

विली हेरॉन मला आधी गायक म्हणून माहीत झाला. 'लोस इल्लीगल्स' या ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या पंक, म्हणजे आक्रमक, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या बँडचा तो गायक, कीबोर्डही तोच वाजवायचा. १९८३ साली ए अँड एम कंपनीने त्यांचा 'इंटर्नल एक्झाइल' हा अल्बम काढला. गाणी इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, कधी एकाच गाण्यात दोन्ही. शाहिराने डफावर थाप मारून पहिली ओळ उचलावी आणि मागच्या रांगेतल्या माणसानेही मान वर करावी, असा त्याचा आवाज. बऱ्याच वर्षांनी कळलं की हाच माणूस चित्रकार आहे. नुसता चित्रकार नाही, तर मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांनी, म्हणजे चिकानोंनी, १९७०च्या दशकात भिंती रंगवायची जी चळवळ उभी केली, तिच्यातल्या अत्यंत महत्त्वाच्या चित्रांपैकी दोन त्याच्या हातची आहेत. ती अजून रस्त्यावर उभी आहेत आणि बघायला तिकीट लागत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि रॉक ऐकतच मोठी झाले. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं.

भाची लॉस एंजेलिसमध्ये शिकते. दसरा झाला आणि दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी तिच्याकडे पोचले. "मावशी, सगळे हॉलिवूड बघायला येतात, तू गल्ल्या बघायला आलीस," असं म्हणत तिने गाडीची किल्ली उचलली. पण पहिल्या दिवशी मला मेट्रोनेच जायचं होतं. नव्या गावाचा अंदाज मला लोकांच्या शेजारी बसल्यावरच येतो.

मेट्रोची ई लाइन लिटल टोकियो सोडून नदी ओलांडते आणि बॉइल हाइट्सला जमिनीखाली जाते. मारियाची प्लाझा स्टेशनला जिना चढून वर आलो, तर समोरच दगडी मंडप. मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याने तो १९९८ साली भेट दिला. मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताचं माहेर हालिस्कोच. चौकाच्या कडेला चांदीच्या बटणांचे काळे चारो सूट घातलेले वादक उभे होते. लग्न, वाढदिवस, बारसं, अंत्यविधी, कशाहीसाठी इथे येऊन वादक ठरवता येतात. एका काकांजवळ गितारोन होता, मोठ्या पोटाचं ते खर्जाचं वाद्य. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी दोन तारा एकदम खेचून दाखवल्या. गितारोनवर बहुतेक सूर असे सप्तकाच्या अंतरावरच्या दोन तारा जोडीने छेडून काढतात, म्हणून ॲम्प्लिफायर नसताना तो चौकभर ऐकू जातो. समोर १८८९ सालचं विटांचं बॉइल हॉटेल. त्यात इतके वादक राहत आले की त्याला लोक मारियाची हॉटेलच म्हणतात.

तिथून सेझर चावेझ ॲव्हेन्यू पकडून पूर्वेकडे निघालो. या रस्त्याचं जुनं नाव ब्रुकलिन ॲव्हेन्यू. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इथे ज्यू, जपानी, मेक्सिकन सगळे शेजारी राहायचे. याच रस्त्यावर बिल फिलिप्स नावाच्या ज्यू गृहस्थांचं वाद्यांचं दुकान १९३०च्या दशकापासून १९८९ पर्यंत चाललं आणि वस्तीतल्या कितीतरी मुलांनी पहिली गिटार तिथून घेतली. ईस्ट एल.ए.चा रॉक कुठून आला, असं कुणी विचारलं तर मी आधी या दुकानाचं नाव घेईन.

रस्ता बॉइल हाइट्सची हद्द सोडून ईस्ट एल.ए.मध्ये शिरतो. गेज ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ती इमारत दिसते आणि पाय आपोआप थांबतात. सगळ्या दर्शनी भिंतींवर फुटक्या चिनी मातीचे, काचेचे तुकडे बसवलेत. कपाच्या कानापासून बशीच्या काठापर्यंत सगळं त्यात आहे. जवळ गेलं की एकेक तुकडा ओळखू येतो, रस्त्यापलीकडून बघितलं तर भिंत उन्हात चमकते. हे काम एदुआर्दो ओरोपेझा या कलाकाराचं. इथे अनेक वर्षं 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही छापचित्रांची कार्यशाळा होती. सिस्टर कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणीने ती काही कलाकारांना घेऊन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. मृतांच्या सणाला, दिया दे लोस मुएर्तोसला, लॉस एंजेलिसमध्ये मिरवणूक आणि कलेचं रूप दिलं ते याच मंडळींनी. २०११ मध्ये संस्था इथून हलली.

माझा मात्र जीव अडकला होता वरच्या हॉलमध्ये. १९८० च्या मार्चमध्ये या हॉलमध्ये 'द व्हेक्स' हा पंक क्लब सुरू झाला. सुरू करणाऱ्यांत विली हेरॉन होता आणि जागा द्यायला सिस्टर कॅरन राजी झाल्या. शहराच्या पश्चिमेकडचे क्लब नदीपलीकडच्या बँडना सहसा बोलवत नसत. मग यांनी आपलाच मंच उभा केला. लोस इल्लीगल्स, द ब्रॅट, दी अंडरटेकर्स हे बँड इथे वाजले आणि हॉलिवूडची पंक पोरं प्रथमच नदी ओलांडून इकडे आली. खाली छापखान्यात ग्वादालूपेच्या मातेचे, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेचे, छाप सुकायला टांगलेत आणि वर ड्रम्स वाजताहेत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. काही महिन्यांनी एका कार्यक्रमात बाहेरच्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला, संस्थेतल्या कलाकृती फोडल्या आणि व्हेक्सला ही जागा सोडावी लागली. पुढे तो दुसऱ्या जागांवर चालला. पण एका जोगिणीच्या छापखान्यात पंक रुजला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संध्याकाळी फर्स्ट स्ट्रीट आणि लोरेनाच्या कोपऱ्यावरच्या एल मर्कादितो या मेक्सिकन बाजारात जेवलो. वरच्या मजल्यावर मारियाची चालू, खाली दुकानांत झेंडूचे ढीग. मृतांच्या सणाची तयारी. झेंडू मूळचा मेक्सिकोतला. तो समुद्रमार्गे भारतात आला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. चार दिवसांपूर्वी घरी ओवलेली ती फुलं इथे त्यांच्या मायदेशीच्या लोकांच्या हातात बघताना फार बरं वाटलं.

शुक्रवार

आजचा दिवस एका गल्लीसाठी राखून ठेवला होता.

सिटी टेरेस ही फ्रीवेच्या उत्तरेला टेकड्यांवर पसरलेली वस्ती. लहान लहान घरं, जाळीची कुंपणं, अंगणात लिंबाची झाडं, उतारावर लावलेल्या गाड्या. गाडी सिटी टेरेस ड्राइव्हवर लावून दुकानांच्या मागच्या बाजूला गेलो. कचऱ्याचे मोठे डबे, विजेचे मीटर, एक बंद शटर. आणि मग ती भिंत.

'द वॉल दॅट क्रॅक्ड ओपन', १९७२.

गोष्ट अशी. त्या वर्षी याच गल्लीत टोळीवाल्या पोरांनी विलीच्या धाकट्या भावाला भोसकलं. भाऊ वाचला. विली तेव्हा वीस वर्षांचा. त्याने बेकरीच्या मालकाकडून मागची भिंत मागून घेतली आणि लगेच रंगवायला घेतली. भिंतीवर आधीपासून टोळ्यांनी आपापली नावं फवारलेली होती. ती पुसून स्वच्छ पार्श्वभूमी करायची, हा कुणाही चित्रकाराच्या मनात येणारा पहिला विचार. त्याने ती नावं ठेवली. त्याच अक्षरांच्या मधून भिंतीला तडा जातोय असं दाखवलं आणि त्या तड्यातून माणसं बाहेर काढली. एकमेकांना मारणारे तरुण, रडणारी आजी, कवटी, मेक्सिकोच्या जुन्या दगडी शिल्पातला वाटावा असा मुखवटा.

फोटोत हे चित्र मी असंख्य वेळा पाहिलं होतं. फोटोत न कळलेली गोष्ट म्हणजे त्याची उंची. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे पाच-सहा पावलांपेक्षा मागे सरता येत नाही. सगळं चित्र एका नजरेत मावत नाही, मान वळवावी लागते, आणि वळवताना आधी आजीचा चेहरा येतो. दुसरी गोष्ट, नावं. वर्षानुवर्षांत नवी नावं पडली, काही पुसली गेली, हेरॉनने स्वतः येऊन दुरुस्त्या केल्या. रंग एकसारखा नाहीये. काही ठिकाणी खालचं प्लास्टर दिसतं, काही ठिकाणी तेलकट चकाकी आहे. मी हात लावला नाही, पण नाक भिंतीजवळ नेऊन बघितलं: ब्रशचे फटकारे आडवे-तिरपे, घाईचे, आणि फवाऱ्याच्या रेषेपाशी येऊन थांबलेले. तिच्यावरून गेलेले नाहीत. ज्यांनी भावाला भोसकलं त्यांच्या अक्षरांना त्याने जागा सोडली. का, याचं उत्तर मी माझ्या परीने असं लावलं की ही भिंत रोज त्या पोरांच्या नजरेसमोर राहणार होती. आपलं नाव आजीच्या अश्रूंच्या शेजारी लिहिलेलं आहे, हे त्यांना रोज दिसणार होतं.

त्याच गल्लीत त्याचंच दुसरं चित्र आहे, 'द प्लूम्ड सर्पंट', तेही १९७२चंच. पिसांचा सर्प म्हणजे केत्सालकोआत्ल, मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींतला थोर देव. हा देव संग्रहालयात पायऱ्यांच्या वर, काचेमागे असतो. इथे तो कचऱ्याच्या डब्यांच्या वर आहे, आणि माझ्या मते इथेच तो जास्त शोभतो. कारण इथली मुलं शाळेतून घरी जाताना त्याच्या अंगावरून जातात.

आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक आजोबा कुत्र्याला फिरवत आले. भाचीला स्पॅनिश येतं. आम्ही भारतातून या चित्रासाठी आलोत हे तिने सांगितल्यावर त्यांनी आधी चित्राकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग कुत्र्याची दोरी भाचीच्या हातात देऊन ते मला दहा पावलं पुढे घेऊन गेले आणि एका विशिष्ट जागी उभं केलं. तिथून दुपारच्या उन्हात तड्याच्या कडेची सावली खरीच खोल दिसते. "अकी," म्हणाले, "इथून." त्यांनी हे कित्येकांना दाखवलं असणार, कारण जागा अगदी अचूक होती.

दुपारी जवळच्या पानादेरियात गेलो. मेक्सिकन बेकरीत ट्रे आणि चिमटा आपणच घ्यायचा आणि हवं ते उचलत जायचं. कोंचा म्हणजे वर साखरेच्या लेपावर शिंपल्याच्या रेषा कोरलेला गोड पाव. सणासाठीचा पान दे मुएर्तो वेगळा, त्याच्यावर कणकेचीच हाडं आडवी ठेवलेली असतात. भाचीने दोन उचलले आणि गाडीत बसून आम्ही 'एल ले' लावलं, लोस इल्लीगल्सचं सर्वांत गाजलेलं गाणं. कामाच्या शोधात शहरात आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या माणसाची ती कैफियत आहे. गल्ली अजून नजरेसमोर होती. एरवी मी या गाण्यातली गिटार ऐकते. आज पहिल्यांदा ऐकू आलं की गायक कुणाशी तरी बोलतोय, आणि तो 'कुणी' भिंतीपलीकडे उभा आहे.

ईस्ट एल.ए.च्या पंकबद्दल लिहिणारे बरेच जण त्याला 'मिश्रण' म्हणतात: इकडून मेक्सिको, तिकडून रॉक. मला ते पटत नाही. ॲलिस बॅगचंच बघा. ती मूळची अलिसिया आर्मेंदारिस, ईस्ट एल.ए.ची, लॉस एंजेलिसच्या पहिल्या पंक बँडपैकी 'द बॅग्ज'ची गायिका. घरात रांचेरा ही मेक्सिकन गाणी ऐकत ती वाढली. छातीतून फेकलेला, हुंदक्याच्या काठावर ताणलेला तो आवाज तिला घरातूनच मिळाला होता. मंचावर उभी राहिली तेव्हा तिने काहीच मिसळलं नाही. जसं गायला येत होतं तसं जोरात गायली. हेरॉनही तसाच. देव, आजी, फवारलेली नावं, टीव्हीवरच्या बातम्या आणि रेडिओवरचा रॉक हे सगळं त्याच्या एकाच घरात होतं. वेगळं आपण करतो, बाहेरून बघणारे.

शनिवार

व्हिटियर बुलेव्हार्ड. रस्त्यावर मोठी कमान आहे, तिच्यावर रस्त्याचं नाव. दुतर्फा बुटांची, लग्नाच्या कपड्यांची, सोन्याची दुकानं, पदपथावर आंब्याच्या फोडींवर तिखट-लिंबू घालून देणाऱ्या गाड्या. ईस्ट एल.ए.च्या मुलांनी १९६०च्या दशकापासून या रस्त्यावर लोरायडर फिरवल्या. जमिनीला टेकणाऱ्या, आरशासारख्या रंगवलेल्या, हायड्रॉलिक पंपावर पुढचं अंग उचलणाऱ्या त्या गाड्या. 'दी मिडनायटर्स' या इथल्याच बँडने १९६५ साली या रस्त्याच्या नावाचं गाणं केलं. अशा फिरण्यावर गावोगावी बंदी होती. कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२४ पासून ती उठवली. आम्हाला दोन गाड्या दिसल्या, एक जांभळी, एक सोनेरी-तपकिरी. सिग्नलला जांभळीने मान हलवली.

या रस्त्याचा दुसरा इतिहास जड आहे. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो मोरेटोरियमचा मोर्चा निघाला. वीस हजारांहून जास्त लोक होते. लष्करात मरणाऱ्यांत आपल्या मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे, हे त्यांचं म्हणणं. लगूना पार्कमधल्या शांत सभेवर पोलिस चालून आले. त्याच दुपारी सिल्व्हर डॉलर कॅफेत बसलेले पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या माणसाने आत मारलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. ते लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक आणि के.एम.ई.एक्स. या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक होते. लगूना पार्कला आज त्यांचं नाव आहे. कॅफे होता तिथे आम्ही थोडा वेळ थांबलो. समोरून बस गेली, एक बाई बाळाची गाडी ढकलत गेली.

हे ठाऊक असल्याशिवाय 'अस्को' समजत नाही. हेरॉन, ग्राँक, हॅरी गॅम्बोआ आणि पॅट्सी वाल्देझ या चौघांनी केलेला हा कलाकारांचा गट. त्यांच्याकडे पैसे नव्हते, गॅलरी नव्हती. हा रस्ता मात्र होता. १९७१ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी हेरॉनने पांढरा झगा घातला, तोंड कवटीसारखं रंगवलं आणि पुठ्ठ्याचा प्रचंड क्रूस खांद्यावर घेऊन तो खरेदीच्या गर्दीतून चालत निघाला. गॅम्बोआ आणि ग्राँक बरोबर. मैलभर चालून ते मरीन दलाच्या भरती केंद्रापाशी गेले, ग्राँकने पॉपकॉर्न उधळून आशीर्वाद दिला, आणि क्रूस दारात आडवा टाकून ते निघून गेले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी 'वॉकिंग म्युरल': पॅट्सी काळ्या वेशातली ग्वादालूपेची माता, ग्राँक ख्रिसमसचं झाड, आणि हेरॉनच्या अंगावर भिंतचित्रच, कंटाळून भिंतीतून निघून रस्त्याला लागलेलं. लोक मागून चालायला लागले.

मी आणि भाची तो रस्ता चाललो. ईस्टर्न ॲव्हेन्यूकडून सुरुवात केली. ऊन होतं, पदपथ अरुंद. क्रूस घेऊन इथून चालायचं तर दर चार पावलांना कुणाला तरी वाट मागावी लागणार. म्हणजे ही मिरवणूक दुरून बघण्याची गोष्ट नव्हतीच. ती लोकांच्या पिशव्यांना घासत गेली असणार. फोटोत हेरॉनचा चेहरा रॉक मंचावरच्या रंगवलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो, आणि त्याच वेळी मृतांच्या सणाच्या कालावेरासारखा, त्या हसऱ्या कवटीसारखाही. त्याला यातलं एक निवडावं लागलं नाही.

एका चौकात रस्त्याच्या मधल्या बेटावर भाची थांबली. "इथे टेबल मांडलं होतं का?" १९७४ साली दंगलीनंतरच्या व्हिटियर बुलेव्हार्डवर अशाच एका बेटावर त्यांनी टेबल-खुर्च्या मांडून, मुखवटे घालून, गाड्यांच्या मधोमध जेवण केलं. 'फर्स्ट सपर, आफ्टर अ मेजर रायट' असं त्याचं नाव. नेमकं बेट तेच का, हे आम्ही ठरवत बसलो नाही. मी तिथे उभी राहिले. दोन्हीकडून गाड्या गेल्या की कपडे हलतात आणि बोललेलं ऐकू येत नाही. अशा जागी बसून जेवायचं ठरवणाऱ्यांना हिंमत काय लागली असेल, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

दुपारनंतर एस्ट्राडा कोर्ट्स. ही बॉइल हाइट्सच्या दक्षिण टोकाची सरकारी वसाहत, १९४०च्या दशकातली, ऑलिंपिक बुलेव्हार्डला लागून. १९७० नंतर चार्ल्स 'कॅट' फेलिक्स यांनी इथल्या मुलांना हाताशी धरून इमारतींच्या बिनखिडक्यांच्या भिंती रंगवायला सुरुवात केली आणि डझनावारी चित्रं उभी राहिली. ऑलिंपिकवरून जाणाऱ्याला आधी दिसतो चे गेव्हारा, बोट थेट आपल्यावर रोखलेला, 'वी आर नॉट अ मायनॉरिटी' या १९७८च्या चित्रातला. गाडीतून जातानाही तो डोळ्यांत भरतो.

पण आम्ही आलो होतो 'ब्लॅक अँड व्हाइट म्युरल'साठी. हेरॉन आणि ग्राँकचं, १९७३चं. आजूबाजूला सगळं लाल, निळं, पिवळं, आणि ही एकच भिंत काळी-पांढरी. चौकोन एकापुढे एक, फिल्मच्या पट्टीसारखे: मोर्चातले चेहरे, पोलिस, किंचाळणारं तोंड, गजांमागचा माणूस. मोरेटोरियमचा दिवस लोकांनी टीव्हीवर ज्या रंगात पाहिला, त्याच रंगात त्यांनी तो भिंतीवर ठेवला. त्या काळी भिंतचित्र म्हणजे पिरॅमिड, योद्धे, मक्याचं कणीस, झेंडा असं एक ठरलेलं रूप होत चाललं होतं. या दोघांना ते नको होतं. पूर्वज त्यांना प्रिय होते, पण परवाची गोळीही सांगायची होती, आणि तिला सोनेरी रंग चालणार नव्हता. मला हे चित्र सिटी टेरेसच्या भिंतीइतकं आवडलं नाही. चौकोनांमुळे नजर अडखळते, एक चेहरा पुरता भिडायच्या आत दुसरा येतो. तरीही मोर्चात सापडलेल्याला तो दिवस असाच तुकड्यांत आठवत असणार, हेही खरं.

वसाहतीत फिरताना लोकांचं घर आहे याचं भान ठेवावं लागतं. कपडे वाळत होते, कुठे तरी भांडी वाजत होती. एका मुलाने विचारलं, फोटो कशासाठी. शाळेत दाखवायला, असं सांगितल्यावर त्याने स्वतःचा फोटो मात्र काढू दिला नाही, आणि ते योग्यच.

रविवार

युनियन स्टेशनवरून मेट्रोलिंकने रिव्हरसाइड. प्रवास कंटाळवाणा, गोदामं आणि पार्किंग बघत जायचं.

रिव्हरसाइडला १८ जून २०२२ रोजी 'द चीच' हे संग्रहालय उघडलं. पूर्ण नाव चीच मरीन सेंटर फॉर चिकानो आर्ट अँड कल्चर. चीच मरीन म्हणजे 'चीच अँड चाँग' या १९७०च्या दशकातल्या विनोदी जोडगोळीतला चीच. रॉक मैफलींच्या मंचावरून आणि रेकॉर्डवरून ही जोडी घराघरात पोचली. त्या पैशातून तो वर्षानुवर्षं चिकानो कलाकारांची चित्रं घेत गेला. सातशेच्या वर चित्रांचा संग्रह झाला, त्यातली सुमारे पाचशे त्याने या संग्रहालयाला दिली. शहराने आपलं १९६०च्या दशकातलं जुनं ग्रंथालय, जवळपास ६१ हजार चौरस फुटांची इमारत, त्यासाठी मोकळी करून दिली.

आत शिरताच दोन मजले उंच, २६ फुटी आकृती. एइनार आणि हामेक्स दे ला तोरे या भावांचं 'गायातलिकुए'. दोघं ग्वादालाहाराचे, १९७२ साली लहानपणी कॅलिफोर्नियात आले, आता सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहून काम करतात. हे लेंटिक्युलर आहे, म्हणजे बघणारा सरकला की चित्र बदलतं. एका बाजूने अझ्टेकांची भूमाता कोआतलिकुए. चार पावलं सरकलं की तिचाच लोरायडर गाड्यांच्या अवयवांचा महाकाय यंत्रमानव होतो. पोरं तिच्यासमोर डावी-उजवीकडे पळत होती. मी दोन्ही चित्रांच्या मधली जागा शोधत राहिले, जिथे देवी आणि यंत्र एकमेकांत गुंतलेले दिसतात. ती जागा आहे. पायऱ्यांच्या डावीकडे, जरा वाकून.

वरच्या दालनांत भडक रंगांची खोलीभर उधळण. फ्रँक रोमेरोच्या गाड्या, कार्लोस आल्माराझचे फ्रीवेवर भडकलेले अपघात, पॅट्सी वाल्देझच्या खोल्या, जिथे माणूस नसतो पण पडदे, खुर्च्या, काटेचमचे स्वतःहून हलत असतात. पॅट्सीच्या चित्रासमोर मी सर्वांत जास्त वेळ होते. त्याचं कारण १९७२.

त्या वर्षी गॅम्बोआ लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयात, लॅकमात, गेला आणि इथे चिकानो कलाकार का नाहीत असं त्याने विचारलं. तिथल्या क्युरेटरचं उत्तर होतं की ते कला करत नाहीत, टोळ्यांत जातात. त्याच रात्री गॅम्बोआ, ग्राँक आणि हेरॉन परत गेले आणि संग्रहालयाच्या प्रवेशाजवळच्या पुलावर आपापली नावं फवारून आले. म्हणजे अख्ख्या संग्रहालयावर सही केली. सकाळी पुलाच्या कठड्यापाशी पॅट्सीला उभं करून गॅम्बोआने फोटो घेतला; नंतर नावं पुसली गेली. हेरॉनने सिटी टेरेसच्या गल्लीत दुसऱ्यांची नावं जपली, तीही त्याच वर्षी. २०११ साली लॅकमाने स्वतःच अस्कोचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन भरवलं. पूल असलेल्या त्या जुन्या इमारती २०२० मध्ये पाडल्या गेल्या. सहीचा तो फोटो राहिला आहे आणि पॅट्सीची चित्रं इथे आहेत, या लोकांसाठीच मोकळ्या केलेल्या घरात, अख्ख्या पन्नास वर्षांनी. मला रडू आलं, आणि ते भाचीपासून लपवावंसं वाटलं नाही.

बाहेर पडताना पुस्तकांच्या दुकानात अस्कोच्या कामावरचं काही मिळतं का ते बघितलं, दोन पोस्टकार्डं घेतली.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: गल्ली बघायला दुपारचं ऊन हवं, सकाळी ती सावलीत असते. एस्ट्राडा कोर्ट्सला शनिवार-रविवारी गेलात तर वसाहत जागी असते, बोलायला माणसं भेटतात. व्हिटियर बुलेव्हार्ड चालतच करा.

सोमवारी विमान होतं. विमानतळावर बसून मी शाळेतल्या मुख्याध्यापकबाईंना लिहिलं: नववीला भित्तिचित्राचा पाठ पुस्तकातून घेणार नाही. आधी मुलांना 'एल ले' ऐकवेन, मग वॉकिंग म्युरलचा फोटो दाखवेन, मग मुलांनी आपापल्या घरात वाजणारं एक गाणं आणि देव्हाऱ्यातली किंवा आजीच्या ट्रंकेतली एक वस्तू घेऊन यायचं. त्यासाठी सायकल स्टँडची मागची भिंत हवी आहे. तिच्यावर मुलांनी आधीच खडूने, कोळशाने बरंच काही लिहून ठेवलंय. ते पुसायचं नाही, एवढी एक अट घातली आहे.